जाहिरात लिहिता येते, वाचता येत नाही : बालभारतीच्या मराठी भाषा तज्ज्ञ समितीला खुले पत्र

प्रति,
मराठी भाषा तज्ज्ञ समिती व अभ्यासगट सदस्य,
बालभारती, सेनापती बापट रस्ता, पुणे.

विषय : नववी-दहावीच्या जाहिरातलेखनाला जोडून जाहिरातवाचनाची एक कृती देण्याबाबत.

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

गेल्या वर्षी सहामाहीला मी जाहिरातलेखनासाठी ‘महिला बचत गटाचा घरगुती मसाला’ असा विषय दिला होता. एका हुशार मुलीनं लिहिलं, ‘सासूबाई खूश, नवरोबा खूश, सूनबाईंच्या हाताला आली चव!’ खाली पत्ता, वेळ, सणानिमित्त सवलत, सगळं नीट चौकटीत. मथळा लक्षवेधी, यमक जमलेलं, शब्दमर्यादा पाळलेली. मी पैकीच्या पैकी गुण देऊन पुढचा पेपर उचलला. त्यातही सून होती. त्याच्या पुढच्यात सून नव्हती, पण ‘आईच्या हातची चव’ होती. गठ्ठा संपवून झोपायला गेले तेव्हा कुठे डोक्यात आलं, की मसाला कुटणाऱ्या, पाकिटं भरणाऱ्या, बँकेत खातं असलेल्या त्या बचत गटाच्या बायका एकाही जाहिरातीत नव्हत्या. विषयातच ‘महिला’ हा शब्द होता, तरी नव्हत्या. मुलांनी त्यांना वाढायला बसवलं होतं.

गुण मीच दिले होते, त्यामुळे तक्रार मुलांबद्दल नाही. त्या पोरांनी मसाल्याच्या जाहिराती पाहिल्या त्या टीव्हीवर, आणि तिथं जे दिसलं ते त्यांनी इमानेइतबारे उतरवलं. आपण त्यांना जाहिरात लिहायला शिकवतो. ती वाचायला मात्र बावीस वर्षांत मी कधी शिकवली नव्हती, कारण पुस्तकात ते नाही.

मी पर्वतीच्या पायथ्याजवळ एका अनुदानित मराठी शाळेत शिकवते. आमच्या मुलांच्या आया सहकारनगर, कोथरूडकडे स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला जातात, काही रुग्णालयांत आया आहेत. वडील रिक्षा चालवतात, गवंडीकाम करतात, मार्केट यार्डात हमाली करतात. ‘आता मुलं टीव्ही बघतात कुठे, सगळं मोबाइलवर’ असं मला सांगणारे सहकारी या मुलांच्या घरी रात्री साडेआठला गेलेले नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही लागला की तो सगळ्यांनाच लागतो. गृहपाठ करणाऱ्यालासुद्धा.

आधी आभार मानते. २०१९ मध्ये तुमच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताहेत असं चित्र आलं, तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही ते पान एकमेकींना दाखवलं होतं. ‘हे पुस्तक घरी न्यायची सोय राहिली नाही’ असा विनोद आमच्या एका सरांनी केला, त्यावर सगळे हसलेही. चित्र बदलणं सोपं नसतं हे मला कळतं. पण पुस्तकातल्या एका चित्राला टीव्हीवरची रोजची किती चित्रं पुरून उरत असतील? मग वाटलं, चित्रं तर आपण बदलू शकणार नाही, डोळा थोडा तयार करता येतो का बघावं.

दिवाळीनंतर नववीच्या वर्गात प्रयोग चालू होते. म्हणजे कर्तरी, कर्मणी, भावे. मुलांना ‘रामाने रावण मारला’ याचा कंटाळा आला होता, मलाही. शनिवारी प्रोजेक्टरवर भांडी घासायच्या साबणाची तीस सेकंदांची एक जाहिरात लावली, आवाज बंद करून. फळ्यावर दोन रकाने आखले : बाईची क्रियापदं आणि पुरुषाची क्रियापदं. घासते, वैतागते, कपाळाला हात लावते, बघते, चकित होते, हसते. दुसऱ्या बाजूला : येतो, दाखवतो, सांगतो. मग आवाज लावून डोळे मिटायला सांगितले. साबणातल्या लिंबाचं शास्त्र कोण समजावतंय? पुरुष. ‘ती भांडी रोज घासते, मग तिला माहीत नाही का?’ असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. मी उत्तर दिलं नाही. फळ्यावर रकाने होतेच.

आणखी पाच-सहा जाहिराती झाल्या. विम्याच्या जाहिरातीतल्या बापाला मुलाच्या शिक्षणाची आणि मुलीच्या लग्नाची काळजी असते, ही जोडी मुलांनी मी सांगायच्या आधी पकडली. कपडे धुण्याच्या पावडरीत मळवणारे कोण आणि धुणारं कोण, हेही. एका मुलानं फार मार्मिक गोष्ट टिपली : जाहिरातीत काम एका पुसण्यात संपतं. फडका फिरला की ओटा चकचकीत. ‘आमच्या आईचा ओटा रात्री अकराला पुसून होतो, आणि सकाळी पुन्हा तस्साच.’

इथे मी त्यांना सरकारी आकडा दिला. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईचा रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषाचा ८८. मुलांनी लगेच भागाकार केला. पाच तासांना अकरा मिनिटं कमी. आता हे पाच तास टीव्हीवर शोधा, असं म्हटलं आणि त्यांना मालिकांकडे पाठवलं.

मालिकांची गंमत वेगळी आहे. नुसत्या बायका मोजल्या तर आपली मराठी मालिका पहिला नंबर काढेल. नायिका बाई, खलनायिका बाई, सासू, आत्या, जाऊ, शेजारीण, कान भरणारी मैत्रीण. पुरुष बहुतेक वेळा सोफ्यावर बसून ‘हे काय चाललंय घरात?’ एवढं विचारायला असतात. म्हणून मोजणीवर थांबलं की फसायला होतं. जाहिरातींचंही तेच. युनिसेफ आणि पडद्यावरच्या स्त्री-पुरुष चित्रणाचा अभ्यास करणारी जीना डेव्हिस इन्स्टिट्यूट यांनी भारतातल्या हजारावर जाहिराती तपासून २०२१ मध्ये अहवाल दिला, त्यात पडद्यावरच्या वेळेपैकी जवळपास ६० टक्के वेळ स्त्रीपात्रांना मिळालेला दिसला. ऐकायला झकास. पण त्यामागचं एक कारण हे, की साफसफाईच्या, खाण्याच्या आणि सौंदर्याच्या वस्तू बायकांनी बायकांना विकायच्या असतात. त्याच अहवालात दोन-तृतीयांश स्त्रीपात्रं उजळ किंवा मध्यम उजळ रंगाची होती, पुरुषांत हे प्रमाण ५२ टक्क्यांच्या आसपास. हे मी वर्गात वाचलं तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक सावळी मुलगी शेजारणीला हळूच म्हणाली, ‘म्हणजे मोजलंय कुणीतरी.’

मालिकांबद्दल त्यांनी आठवडाभरात लिहून आणलेलं माझ्याजवळ आहे. टिकलीच्या आकारावरून बाई चांगली की वाईट हे दुसऱ्या मिनिटाला कळतं. चांगली सून झोपतानाही मंगळसूत्र, बांगड्या, गजऱ्यासकट झोपते. वाईट बाईचे केस मोकळे असतात आणि ती मधेमधे इंग्रजी बोलते. स्वयंपाकघरात कटकारस्थान होतं, स्वयंपाक होत नाही. खरकटं ताट कुणीच पाहिलेलं नाही. चहाचा ट्रे मात्र भागागणिक फिरतो, आणि तो धरणारे हात ठरलेले. नायक कितीही मोठा उद्योगपती असो, त्याला स्वतःचा रुमाल सापडत नाही.

साचा हा शब्द मला समजावून सांगावा लागला नाही. एकाचे मामा कसब्यातल्या कुंभारवाड्यात गणपती रंगवतात. तो म्हणाला, ‘साचा एकच असतो बाई, पितांबर बदलतो.’ यापेक्षा बरी व्याख्या कुणाला सुचली असेल तर कळवा, मी फळ्यावर लिहीन.

आणि जिची आई सहकारनगरात चार घरी पोळ्या करते, तिनं वहीत एकच ओळ आणली होती. ‘मालिकेतल्या कामवालीला आडनाव नसतं.’ मग वर्ग त्यावर सुटला. ती ‘पानी’ म्हणते आणि घरातले हसतात. तिचं घर कुठे, तिला मुलं किती, ती किती वाजता परत जाते, काही माहीत नाही. नायिका पैसेवाल्या घरात सून म्हणून राबते तेव्हा पार्श्वसंगीत वाजतं, हिच्या राबण्याला संगीत नाही. माझे विद्यार्थी घरी ‘पानी’च म्हणतात. शाळेत मी ते ‘पाणी’ करते. त्या तासाला मी कुणाचा उच्चार दुरुस्त केला नाही, एवढं खरं.

आता माझी चूक. पहिल्या तक्त्यात मी एक रकाना घरचाही ठेवला होता : टीव्हीत कोण करतं, घरी कोण करतं. चर्चेत एक मुलगा पटकन बोलून गेला, ‘आमच्यात पोळ्या मी करतो.’ आई रात्रपाळीला असते. वर्ग हसला. मी उत्साहात त्याला उभं केलं, ‘बघा, शिका काहीतरी याच्याकडून’ असं म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. तो मान खाली घालून उभा राहिला. सोमवारी तक्ते गोळा केले, त्यात त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं : पोळ्या – आई.

तेव्हापासून घरचा रकाना काढून टाकला आहे. पडद्याची झडती घ्यायची, घराची घ्यायची नाही. तुम्ही ही कृती पुस्तकात घ्यायचं मनावर घेतलंत, तर ही अट शिक्षक-सूचनेत ठळक अक्षरात छापा. माझ्यासारखे उत्साही शिक्षक गावोगाव आहेत.

तक्रारही आली. पालकसभेच्या दिवशी एक आजी नातीला घेऊन आल्या. नात मालिकेच्या प्रत्येक वाक्याला ‘कर्ता कोण, कर्ता कोण’ करते, सुखानं काही बघू देत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हसले, तर म्हणाल्या, ‘हसू नका बाई. त्या मालिकेत निदान बाईचं बोलणं सगळं घर थांबून ऐकतं. तुमच्या बातम्यांत ऐकतं का कोणी?’ मला उत्तर सुचलं नाही. त्याच रात्री मी एका वाहिनीवर चर्चेचा कार्यक्रम लावला. सहा चौकटी, पाच पुरुष, सहावी निवेदिका, आणि तिला वाक्य पुरं करता येत नव्हतं. पुढच्या शनिवारी आजींचा प्रश्न मी वर्गात जसाच्या तसा ठेवला. मालिका का आवडतात, हा प्रश्न त्याआधी मला विचारावासाच वाटला नव्हता. मुलांना साचे दाखवता दाखवता आजीच्या करमणुकीला नावं ठेवायला शिकवलं, तर मराठीच्या तासाला आणखी एक तोरा चिकटेल. पुण्यात तोऱ्यांची टंचाई नाही.

हे काही परदेशी खूळ नव्हे, हे मुद्दाम सांगते, कारण कुणीतरी म्हणेलच. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. त्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुस्तक छापलं गेलं १८८२ मध्ये, याच पुण्यात. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेवर चाललेल्या बालहत्येच्या खटल्याच्या निमित्तानं बायकांवर चाललेल्या चिखलफेकीचा संताप त्यांनी त्यात मांडला, आणि तो करताना आपल्या काळातल्या नाटकांत, कथा-कादंबऱ्यांत बायका कशा रंगवल्या जातात यावरही आसूड ओढले. आज टीव्हीसमोर बसून मुलांनी जे करावं असं मी म्हणते, ते ताराबाईंनी छापील पानासमोर बसून केलं होतं. भिडेवाड्यातली मुलींची शाळा १८४८ ची. म्हणजे मुलींना वाचायला शिकवलं त्याला जेमतेम चौतीस वर्षं झाली होती, तोवर एक मराठी बाई वाचलेल्याची चिरफाड करत होती. आपण अजून ‘उतारा वाचून आकृतिबंध पूर्ण करा’ इथंच आहोत.

शेजारीही पाहा. एनसीईआरटीच्या सातवीच्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकात २००७ पासून बरीच वर्षं प्रसारमाध्यमांवर एक आणि जाहिरातींवर एक असे स्वतंत्र पाठ होते, मुलगा-मुलगी म्हणून वाढण्यावरही एक होता. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं तर १९८७ मध्येच माध्यमं वाचायला शिकवणं भाषेच्या अभ्यासक्रमात घातलं. भाषेच्या, हे महत्त्वाचं. नागरिकशास्त्राकडे ढकललं की ते ‘मूल्य’ होतं, आणि मूल्य झालं की पाठ होतं.

पाठांतराची भीती मला खरी वाटते. ‘स्त्री-पुरुष समानता’ हा निबंध दिला, की वर्गातली अर्धी मुलं ‘स्त्री ही क्षणाची पत्नी आणि अनंत काळची माता’ हे वाक्य बाईंचा गौरव म्हणून लिहितात आणि वर अवतरणचिन्हं घालतात. समानतेच्या निबंधात. तुम्ही उद्या ‘माध्यमांतील लिंगभाव’ असा पाठ दिलात तर परवा बाजारात अपेक्षित प्रश्नसंच येईल, साच्यांचे पाच प्रकार, प्रत्येकी दोन उदाहरणे, आणि तेही साच्यातूनच काढलेले. म्हणून पाठ नको. नवं पुस्तक नको, नवा विषय नको, मूल्यमापनाचा नवा रजिस्टरही नको, कृपा करून. जाहिरातलेखनाच्या आधी एक कृती द्या. कर्ता, क्रियापद, जागा, आवाज : चार रकाने. व्याकरण तेच, तासिका त्याच. कर्ता शोधायला आपण सहावीपासून शिकवतोच, तो फक्त वाक्याबाहेर शोधायचा आहे. कर्मणी प्रयोग माझ्या वर्गाला पहिल्यांदा नीट कळला तो ‘मुलगी पाहिली जाते’ या वाक्यावर, हे मी शपथेवर सांगू शकते.

कृतिपत्रिकेत एखादी लिखित जाहिरात उताऱ्यासारखी देता येईल, दरवर्षी नवी, आणि खाली स्वमत. ‘ही जाहिरात कोणाशी बोलते, कशावरून?’ एवढा प्रश्न पुरे. उत्तर जाहिरातीतल्या शब्दांवरून सिद्ध केलं तर गुण, मग मत काहीही असो. एखाद्या मुलाला त्या जाहिरातीत काहीच वावगं दिसलं नाही आणि त्यानं तसं पुराव्यानिशी लिहिलं, तर त्यालाही पूर्ण गुण. नाहीतर मुलं आपल्याला, म्हणजे शिक्षकांना, आवडेल ते लिहितील. त्यात ती तरबेज आहेत.

पत्रलेखनाचंही पाहा. मुलं वर्षानुवर्षं अस्तित्वात नसलेल्या रोपवाटिकेला ‘अ. ब. क.’ या नावानं रोपांची मागणी करताहेत. भारतीय जाहिरात मानक परिषदेनं, म्हणजे एएससीआयनं, जून २०२२ मध्ये लिंगभावाच्या हानिकारक साच्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. घर आवरणारी बाई दाखवायला त्यांची ना नाही, पण ते काम फक्त बाईचंच असं जाहिरातीनं सुचवू नये. जाहिरात खटकली तर कुणाही नागरिकाला तिथं तक्रार करता येते. ही संस्था सरकारी नाही, जाहिरात व्यवसायानंच उभी केलेली आहे, तेव्हा तिच्या मर्यादाही मुलांना सांगाव्या लागतील. पण खरा पत्ता, खरा विषय आणि उत्तर येण्याची शक्यता असलेलं औपचारिक पत्र लिहिताना माझ्या वर्गानं ‘महोदय’ नंतरचा स्वल्पविराम पहिल्यांदा स्वतःहून दिला. मसुदे तयार आहेत. कुठला पाठवायचा यावर अजून भांडण चालू आहे.

पहिलीपासून नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्यानं येतो आहे. नववी-दहावीची पुस्तकं तुमच्या टेबलावर येतील तेव्हा त्यात चार रकान्यांना अर्धं पान मिळावं, एवढीच मागणी आहे. तोवर आमचे तक्ते, चुकलेल्या पहिल्या तक्त्यासकट, मागाल तेव्हा पाठवते. बचत गटाच्या मसाल्याची जाहिरात मुलांकडून पुन्हा लिहून घेतली आहे, तीही जोडेन. सगळ्या सुधारल्यात असं नाही. त्या हुशार मुलीनं ‘सासूबाई खूश’ तसंच ठेवलं आहे, फक्त सासूबाई आता गटाच्या अध्यक्ष आहेत.

तुमच्यापैकी कुणाला वर्ग पाहायला यायचं असेल तर शनिवारी या. अर्धी शाळा असते, साडेदहाच्या तासाला नववी अ माझ्याकडे असते. फक्त आदल्या दिवशी कळवा. प्रोजेक्टरच्या खोलीची किल्ली शिपाईमामांकडे असते आणि ते शनिवारी लवकर घरी जातात, त्यांची पत्नी कामावर गेली की नातवाला तेच सांभाळतात.

आपली विश्वासू,
नववी-दहावीची मराठीची एक शिक्षिका,
पुणे